आखाड्यात नाही, आखाड्यावर

कुस्तीच्या मॅटवर झोपणारी म्हैस तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. एक नाही, गोठाभर. कंधारच्या अलीकडं बोरटाकळी म्हणून गाव आहे, तिथं. त्या म्हशींना मऊ अंथरुणाची अशी सवय लागली होती की पुढं मॅट उचलून नेली तेव्हा त्या मातीत बसेनात. उभ्यानंच डुलक्या घ्यायच्या. एकीनं तर रुसून गडी बदलून मागितला. खोटं वाटत असेल तर बोरटाकळीला जाऊन विचारा. फक्त विचारताना एवढं करा, पहिल्या उत्तरावर परत फिरू नका. त्याच्या मागून दुसरं वाक्य येत असतं, तेवढं येऊ द्या. त्या दुसऱ्या वाक्यासाठी कुणी थांबलं नाही म्हणून एका बाईचं नाव दोनदा धुळीला मिळालं, आणि पुढं त्याच दुसऱ्या वाक्यानं तिनं एका साहेबाचं असं काही केलं की तो आजही भिंतीवर लटकलेला आहे. कसा, ते सांगतो.

बाईचं नाव सिंधु केंद्रे. कंधार तालुक्यातली, शेतकऱ्याची पोरगी, आखाड्यावर वाढलेली. आता इथंच सगळी मेख आहे, म्हणून नीट ऐका. आमच्या नांदेड-लातूरकडं शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. एक गोठा, कडब्याची गंजी, विहिरीवर मोटर, गड्याला निजायला खोली, झाला आखाडा. तिथं माणूस असतो तो ‘आखाड्यावर’ असतो. आणि पैलवान असतो तो ‘आखाड्यात’. शब्द तोच, पण ‘वर’ लावलं की म्हशी आणि ‘त’ लावला की मांड्या. हे आमच्याकडं पाळण्यातल्या लेकरालाही कळतं. पुण्या-मुंबईला कळत नाही, आणि सरकारला तर कधीच कळलेलं नाही.

सिंधु तेव्हा नांदेडच्या ‘आसनाकाठ’ नावाच्या दैनिकात बातमीदार होती. नांदेडातच वजिराबाद भागात त्या कचेरीच्या खाली चहाचं हॉटेल होतं, तिथं माझी बसायची जागा ठरलेली, त्यामुळं बातमी छापायच्या आधी मला कळायची. सिंधुची कामाची तऱ्हा न्यारी होती. ती प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. उत्तर आलं तरी गप्पच. समोरच्याला वाटायचं, आपण काहीतरी विसरलो, आणि मग तो न विचारलेलंही सांगून टाकायचा. एका तलाठ्यानं तर तिच्या समोर बसल्या बसल्या सात-बारा सांगून झाल्यावर सासऱ्याच्या घरातून पळवलेल्या पितळी हंड्याचीही कबुली दिली होती.

तर एके दिवशी जळकोटहून बजरंग वस्ताद तिला भेटायला आला. हा खरा वस्ताद. त्याच्या तालमीत मुलीही कुस्ती खेळायच्या. त्यातली शिवगंगा नावाची पोर राज्याच्या स्पर्धेला गेली आणि पहिल्याच डावात तिचा खांदा निखळला. कारण एवढंच, की स्पर्धा मॅटवर आणि ही पोर जन्मभर मातीत खेळलेली. मॅटवर पाय कसा सरकतो हे तिच्या पायाला माहीतच नव्हतं. वस्तादानं सरकारकडं मॅट मागितली होती. तिकडून उत्तर आलं की तुमच्या भागाची मॅट कधीच मंजूर होऊन गेली आहे, बोरटाकळीच्या हनुमंतरावांच्या आखाड्याला.

हनुमंतराव बोरटाकळीकर म्हणजे मोठं माणूस. लातूरला त्याची शाळा-कॉलेजं, नांदेडला बंगला, गावात शेती. मांडी एवढी बारीक की धोतर नेसलं तर धोतराला लाज वाटावी. पण सरकारदरबारी तो ‘वस्ताद’. अनुदान, मॅट, मानपत्र, सगळं त्याच्या आखाड्याच्या नावावर आलेलं. आणि आखाडा कोणता, तर शेतातला.

सिंधु बोरटाकळीला गेली, गोठ्यात मॅटवर रवंथ करणाऱ्या म्हशी पाहिल्या आणि बातमी लिहिली. त्यात तिनं ‘आखाड्यावर’ आणि ‘आखाड्यात’ यातला फरकही एका परिच्छेदात सांगितला होता. संपादक नुकताच पुण्याहून आलेला. त्यानं तो परिच्छेद काढला, म्हणाला वाचकाला आखाडा माहीत असतो. आणि जिथं जिथं ‘आखाड्यावर’ होतं तिथं शुद्धलेखन समजून ‘आखाड्यात’ केलं. सकाळी नांदेडनं वाचलं ते असं, की हनुमंतरावांच्या कुस्तीच्या आखाड्यात पैलवान कमी झाले असून म्हशी शिरल्या आहेत.

बोंब झाली. पुण्याहून चौकशीला अधिकारी आला. हनुमंतरावानं त्याला आधी जेवू घातलं, असं जेवू घातलं की साहेबाला गाडीतून उतरवेना. त्यात वाटेवर चिखल. साहेबानं रस्त्यावरूनच काच खाली केली आणि आखाड्यावरच्या गड्याला, ग्यानोबाला, विचारलं:

“हनुमंतरावांचा आखाडा हाच ना?”

“हाव, हाच की. आज्ज्याच्या टायमापासून हाय.”

“गडी किती असतात?”

“कायम चार-पाच असतेत. सुगीला वाढतेत.”

साहेबानं लिहिलं, हंगामात पैलवानांची संख्या वाढते.

“खुराक?”

“खुराकाला कमी न्हाई, साहेब. मालक सोता बघतेत.”

“आणि दूध?”

“बादल्या भरून.”

“माती कशी आहे?”

“अशी माती पंचक्रोशीत न्हाई. पाय ठिवला की आत.”

साहेब धन्य झाला. आता यात ग्यानोबा खोटं काय बोलला? एक अक्षर नाही. मी तर म्हणतो, मराठवाड्यात त्याच्याइतका खरा माणूस त्या दिवशी दुसरा कुणी नव्हता. पण काच वर गेली, गाडी गेली, आणि ‘आसनाकाठ’च्या पहिल्या पानावर चौकटीत खुलासा आला. खुलासा म्हणजे माफीच, नाव फक्त जरा इज्जतीचं. बातमीदाराच्या अज्ञानामुळं एका जुन्या आखाड्याची बदनामी झाली, दिलगीर आहोत. अक्षरं एवढी मोठी की हिंगोलीच्या रस्त्यावरचा माणूस गाडी न थांबवता वाचू शकला असता.

संपादकानं तिला बोलावून सांगितलं की बाईमाणसाला आखाड्यातलं काय कळतं, हे त्याला आधीच वाटत होतं. सिंधु म्हणाली, “आखाड्यातलं नाही कळत, साहेब. आखाड्यावरचं कळतं.” त्याला हेही कळलं नाही. तिची नोकरी गेली.

आणि नाव पडलं. खुलासाबाई. नांदेडनं एकदा नाव ठेवलं की ते आधार कार्डापेक्षा पक्कं. भाजीवाली म्हणायची, घ्या खुलासाबाई, मेथी ताजी आहे. कंधारच्या स्टँडवर तिच्या बापाला लोक गाडीची वाट बघता बघता विचारायचे, काय पाव्हणं, लेकीचा खुलासा आला म्हणं. म्हातारा मोठा मानी. त्यानं स्टँडवर जायचं सोडलं, बाजाराला जायचं सोडलं, चार मैल आडवाटेनं चालत जाऊ लागला.

बाप तोंड लपवून चालतो हे सिंधुला कळलं त्या दिवशी ती खाली हॉटेलात आली. चहा सांगितला, प्याली नाही. मी आपला धीर द्यायला गेलो, की जाऊ दे माय, लोक विसरतेत. तेव्हा ती मला म्हणाली, “मला लोकांनी विसरायला नको आहे, काका. त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायला पाहिजे. माईकवर. चार लोकांत. की त्याचा आखाडा कोणता. तोवर मी मरत नाही.” मी हसलो नाही. तिच्या कपातल्या चहाला, शपथेवर सांगतो, उकळी फुटली होती.

पुढं एका वृत्तवाहिनीनं तिला लातूरला घेतलं. टीव्हीवाल्यांना धाडसी माणूस हवा असतो, फक्त धाडस दोन मिनिटांत बसायला पाहिजे. सिंधुनं किल्लारी ते किनवट सगळा मुलूख पालथा घातला, नाव पुन्हा कमावलं, आणि मग एक दिवस कॅमेरा घेऊन थेट बोरटाकळीच्या आखाड्यावर जाऊन उभी राहिली. मागं गोठा, गोठ्यात मॅट, मॅटवर म्हशी. थेट प्रक्षेपण. आता कोण खोडणार? मुंबईहून अँकर म्हणाली, सिंधु, काय परिस्थिती आहे? सिंधु म्हणाली, हा कुस्तीचा आखाडा नाहीच, म्हशींचा गोठा आहे, आणि तिनं माईक ग्यानोबापुढं धरला.

“मामा, हितं कुस्ती होती का?”

ग्यानोबानं मिशीवरून हात फिरवला. “हाव. रोजच होती.”

सिंधु सवयीनं गप्प उभी राहिली, दुसऱ्या वाक्याची वाट बघत. पण मुंबईला गप्प बसणं परवडत नाही. अँकर म्हणाली, ऐकलंत प्रेक्षकहो, तिथं रोज कुस्ती होते, धन्यवाद सिंधु, आणि पडद्यावर कांद्याचे भाव आले. म्हशी दिसल्याच नाहीत, कारण कॅमेरावाल्याला ग्यानोबाची मिशी फार आवडली होती आणि त्यानं चौकट मिशीभर करून टाकली होती. ग्यानोबा पुढं बोलत होता. ते दुसरं वाक्य सिंधुनं ऐकलं, म्हशींनी ऐकलं, महाराष्ट्रानं ऐकलं नाही.

हनुमंतरावाच्या वकिलाची नोटीस वाहिनीला गेली. वाहिनीनं दिवसभर खाली पट्टी फिरवली, खुलासा, खुलासा, खुलासा. सिंधुला घरी पाठवलं. कंधारच्या स्टँडवर तिचं नाव वाढून झालं डबल खुलासा. बापानं आडवाटही सोडली आणि घरातच बसला.

आता हनुमंतरावाची गंमत बघा. जिंकलेला माणूस जिंकून गप्प बसत नाही, त्याला हरलेला रोज समोर लागतो. त्याच्या लातूरच्या कॉलेजात पत्रकारितेचा विभाग होता. त्यानं सिंधुला निरोप धाडला, शिकवायला या. सगळ्यांनी तिला सांगितलं की जाऊ नको. ती गेली. लोक म्हणाले, पोटापुढं माणसाची लाज जाते. मी म्हणालो, थांबा, दुसरं वाक्य येऊ द्या.

हनुमंतरावानं मनसोक्त हौस भागवून घेतली. पाहुणा आला की तिला केबिनमध्ये बोलावायचा. “ह्या आमच्या सिंधुताई. मोठ्या शोधपत्रकार. ह्यांनी आमच्या आखाड्यात म्हशी शोधल्या होत्या.” पाहुणे हसायचे. ती उभी राहायची. त्याचा वाढदिवस असला की सूत्रसंचालन तिनंच करायचं आणि ‘कुस्तीमहर्षी वस्ताद हनुमंतराव’ हे तिच्याच तोंडून वदवायचं. एकदा तर त्यानं भर स्टेजवर तिला ते परत म्हणायला लावलं. मागच्यांना ऐकू आलं नाही, ताई, जरा सावकाश म्हणा. तिनं म्हटलं. सावकाश म्हटलं. ते ‘सावकाश’ तिनं जपून ठेवलं.

वर्गात मात्र ती एकच धडा शिकवायची. प्रश्न विचारा आणि थांबा. पहिलं उत्तर माणूस जगासाठी देतो, दुसरं वाक्य त्याच्या पोटातून येतं. विद्यार्थ्यांना ती सरावाला बाजारात पाठवायची, आणि म्हणतात की त्या वर्षी लातूरच्या गंजगोलाईत भावाची घासाघीस बंद पडली. पोरं नुसती दुकानदारापुढं गप्प उभी राहायची आणि दुकानदार आपणहून खरेदीचा भाव सांगून टाकायचे.

मग तिनं कॉलेजचं वार्तापत्र आणि मोबाइलवरची वाहिनी हाती घेतली आणि हनुमंतरावावर स्तुतीचा असा पाऊस पाडला की तो स्वतःच भिजून गेला. आखाडा आज्ज्याच्या काळापासून. गडी सुगीला वाढतात. खुराकावर वस्तादांचं जातीनं लक्ष. पाय ठेवला की आत जाईल अशी माती. सगळं त्या पुण्याच्या साहेबाच्या अहवालातलं, शब्दाला शब्द. तिनं पदरचं एक अक्षर घातलं नाही. हे व्हिडिओ उदगीरपासून माहूरपर्यंत फिरले. पैलवान एकमेकांना विचारायला लागले, हा कोण वस्ताद, ह्याच्या पठ्ठ्याशी आपली जोड कशी लागली नाही आजवर? हनुमंतरावाची मान दिवसागणिक ताठ होत गेली. तो आरशासमोर शड्डू ठोकून बघतो असंही कॉलेजचा शिपाई सांगायचा.

आणि एका रविवारी सिंधु जळकोटला बजरंग वस्तादाकडं गेली. काय बोलणं झालं ते मला नंतर वस्तादानंच सांगितलं. शिवगंगा अंगणात दंड-बैठका काढत होती, निखळलेला खांदा आता बरा, पण तालीम अजून मातीतच. सिंधु तिच्याकडं बघत म्हणाली, “वस्ताद, माळेगावच्या जत्रेत तुम्ही एक पुकारा करायचा. कुस्ती करायची वेळ येणार नाही.” वस्ताद म्हणाला, “आली तर?” ती म्हणाली, “आली तर मग माझी काही हरकत नाही.”

माळेगावची जत्रा तुम्हाला काय सांगायची. खंडोबाचा भंडारा उधळलेला, इकडं घोडे, तिकडं गाढवं, लाल कंधारी बैलं, म्हशी, आणि मध्ये कुस्तीचा फड. त्या वर्षीच्या कुस्तीला प्रमुख पाहुणे कुस्तीमहर्षी हनुमंतराव बोरटाकळीकर. एवढं नाव ऐकल्यावर कमिटीनं दुसऱ्या कुणाला बोलावलंच नसतं. आणि पाहुण्यांची अट, की सूत्रसंचालनाला आमच्या सिंधुताई. तिचे विद्यार्थी फडाभोवती मोबाइल धरून बसलेले. मी पुढच्या रांगेत, पंचांच्या पायाशी. घरातच बसलेल्या बापालाही तिनं गाडी पाठवून आणलं होतं. म्हातारा पटका डोळ्यांवर ओढून कोपऱ्यात बसला होता.

फेटा झाला, नारळ झाला, हलगी घुमली. सिंधुनं माईक घेतला आणि अशी काही ओळख करून दिली की हलगीवाला वाजवायचं विसरला. बोरटाकळीच्या आखाड्याचे वस्ताद म्हणून नाव पुकारलं. आणि नाव पुकारताच फडातून बजरंग वस्ताद उठला. त्यानं सदरा काढला, मातीला हात लावून कपाळी लावला आणि शड्डू ठोकला. त्या शड्डूच्या आवाजानं घोडेबाजारातली तीन घोडी दावं तोडून पळाली. त्यातलं एक लोह्याला सापडलं, दोन अजून सापडायची आहेत.

बजरंग म्हणाला, “बोरटाकळीच्या आखाड्याचा पठ्ठा पायजे.”

हनुमंतराव हसला. म्हणाला, पठ्ठे आज बाहेरगावी आहेत. पंच म्हातारा, दातांचा पत्ता नाही, पण कायद्याला पक्का. त्यानं सांगितलं की पुकारा झाला की आखाड्यानं पठ्ठा द्यायचा. पठ्ठा नसेल तर वस्तादानं स्वतः हात मिळवायचा. दोन्ही होत नसेल तर आपला आखाडा नाही असं चार लोकांत बोलायचं. खंडोबाच्या मातीचा हा कायदा आहे. आता हा कायदा जुना की आदल्या आठवड्यात कुणी पंचाच्या कानात सांगितलेला, ते मला विचारू नका.

दोघंही एकाच देवाच्या नावाचे. पण बजरंग उभा राहिला की त्याच्या सावलीत बैलगाडी सोडावी, आणि हनुमंतराव त्या सावलीत दिसेनासा झाला. त्यानं मागं वळून पाहिलं. सिंधु माईक घेऊन उभी होती. तो दबक्या आवाजात म्हणाला, आणि मी पंचाच्या पायाशी असल्यामुळं माझ्या कानांनी ऐकलं: “ताई, काहीतरी खुलासा करा.”

सिंधुनं त्याच्याकडं बघितलं. मग माईक त्याच्या हातात दिला.

“खुलासा तुम्ही करा, साहेब. माझे दोन करून झालेत.”

हनुमंतरावानं माईक धरला. समोर बजरंग मातीत उभा. हनुमंतराव म्हणाला, “बंधू-भगिनींनो, आमचा आखाडा तसा कुस्तीचा नाही.”

आणि थांबला. त्याला वाटलं, झालं. कुणीतरी हसेल, कुणीतरी सावरून घेईल, हलगी वाजेल. कुणी काही केलं नाही. सिंधु गप्प. तिचे विद्यार्थी गप्प, मोबाइल धरून. त्यांना हेच शिकवलेलं. फडही त्यांच्याकडं बघून गप्प झाला. माणसं गप्प झाली म्हणून जनावरांचा बाजार गप्प झाला. गाढवं गप्प झाली. माळेगावच्या जत्रेत गाढवं गप्प झालेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. त्या गप्पपणाचा भार हनुमंतरावाच्या खांद्यावर असा आला की तो गुडघ्यात वाकायला लागला. आणि मग ते आलं. भाषणात कायम शुद्ध बोलणारा साहेब, पण पोटातलं वाक्य पोटातल्या भाषेत येतं:

“शेतातला हाय. म्हशी बांधायचा. आमी आखाड्यात न्हाई... आखाड्यावर असतो.”

“अन् मॅट कुठं हाय?” बजरंगानं विचारलं.

“म्हशीखाली.”

शिवगंगा फडाच्या कडेला उभी होती. तिनं नुसता खांदा दाबून धरला. हसली नाही. हसलं ते बाकीचं जग, पण त्याआधी सिंधु पुढं झाली. तिचा चेहरा अगदी वाढदिवसाच्या सूत्रसंचालनासारखा.

“साहेब,” ती म्हणाली, “जनावराच्या बाजाराकडं ऐकू गेलं नाही. परत म्हणा. जरा सावकाश.”

आणि बजरंग मातीतून हलला नव्हता, म्हणून त्यानं परत म्हटलं. सावकाश म्हटलं. मग पंचाला नीट ऐकू आलं नव्हतं म्हणून आणखी एकदा. मग मी हात वर केला, मलाही ऐकू आलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं पटका वर सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कंधारच्या स्टँडवर जाऊन बसला. कुठल्याच गाडीत चढला नाही. दिवसभर नुसता बसला, कुणीतरी विचारावं म्हणून. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला म्हणाला, “हाव, आला ना खुलासा. तिकडचा.”

हनुमंतरावानं त्याच आठवड्यात सिंधुला कॉलेजातून काढलं. ‘आसनाकाठ’नं पहिल्या पानावर, त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत खुलासा छापला, सिंधुनं तो आधी तपासायला मागवला आणि एका जागी ‘आखाड्यात’ होतं ते स्वतःच्या हातानं ‘आखाड्यावर’ केलं. सरकारनं मानपत्र परत मागितलं. मॅट बजरंगाच्या तालमीत गेली. धुऊन धुऊन पोरी दमल्या, पण म्हशीचा वास गेला नाही. शिवगंगाच्या अंगाला तो मुरला आहे. समोरची पोर नाक धरायला हात वर नेते, तेवढ्यात ही पाय खेचून तिचा पट काढते. ह्याच डावावर ती राज्यात पहिली आली, आणि कुस्तीच्या नियमात वासाविरुद्ध अजून कलम नाही.

ग्यानोबाचं दुसरं वाक्य राहिलं. सिंधु एकदा पोरांना घेऊन बोरटाकळीला गेली आणि मोबाइल धरून तोच प्रश्न विचारला, मामा, हितं कुस्ती होती का? ग्यानोबा म्हणाला, “हाव, रोजच होती. माझी अन् ह्या काळ्या म्हशीची, धार काढताना. तवाबी हेच म्हनलो होतो माय, तुमच्या मुंबईच्या बाईला दम निघंना.”

सिंधु आता नांदेडला शिकवते. हनुमंतरावानं मध्यंतरी माणूस पाठवला होता, की झालं ते झालं, माळेगावचा व्हिडिओ आता दाखवणं बंद करा, घरात नातवंडं विचारतात. तिनं त्या माणसाला चहा पाजला आणि गप्प बसली. तो बिचारा इकडंतिकडं बघत शेवटी बोलून गेला की साहेब हल्ली लग्नाला-कार्याला जात नाहीत, आडवाटेनं फिरतात. सिंधु म्हणाली, बरं आहे, आडवाटेला सावली चांगली असते, माझ्या बापाला माहीत आहे.

दरवर्षी पहिल्या तासाला ती नव्या पोरांपुढं तो व्हिडिओ लावते. “आमचा आखाडा तसा कुस्तीचा नाही” इथपर्यंत येऊ देते आणि थांबवते. भिंतीवरच्या पडद्यावर हनुमंतराव माईक धरून, तोंड उघडं, डोळे बाहेर. पोरं विचारतात, मॅडम, पुढं? ती म्हणते, थांबा, येईल. मग ती हजेरी घेते, वह्या तपासते, खिडकीतून गोदावरीकडं बघते. तास संपेपर्यंत साहेब तसाच भिंतीवर लटकलेला असतो, तोंड उघडं ठेवून. घंटा झाली की ती दिवा मालवते आणि त्याला तसाच ठेवून निघून जाते.